पन्नास बाय सत्तर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही फोटो स्टुडिओत जाऊन ‘पासपोर्ट साइज’ एवढंच म्हटलं की पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे होतं. मागे पडदा, दोन बाजूंना लाइट, ‘मान थोडी सरळ ताई, हनुवटी खाली’, एक खटका, आणि दहा मिनिटांत आठ फोटोंचं छोटं पाकीट हातात. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा हा फोटो बँकेला चालतो, कॉलेजला चालतो, सोसायटीच्या भाडेकराराला चालतो. कॅनडाच्या पर्मनंट रेसिडेंट (पीआर) कार्डाला मात्र तो चालत नाही. अमेरिकेच्या व्हिसासाठी काढलेला दोन इंची चौकोनी फोटो घरात उरला असेल, तर तोही उपयोगाचा नाही. कॅनडाला ५० मिलिमीटर रुंद आणि ७० मिलिमीटर उंच फोटो लागतो. आपल्या स्टुडिओवाल्यांच्या कॉम्प्युटरमध्ये हे माप बहुतेक वेळा तयार नसतं.

पीआर मंजूर झालेला माणूस अजून पुण्यात, नाशिकला, दुबईत किंवा मस्कतला बसलेला असतो. कार्ड हातात पडणार कॅनडात पोहोचल्यावर, पण त्यावर छापायचा चेहरा आधीच टिपून द्यावा लागतो, आणि तोही परदेशातल्या अशा फोटोवाल्याकडून, ज्याला कॅनडाच्या नियमांशी काही देणंघेणं नाही. बाकीची फाइल माणसाने डोळ्यांत तेल घालून केलेली असते. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, पदवीचं मूल्यांकन, पोलिसांचा दाखला, मेडिकल, नोकरीची पत्रं, सगळं तीन-तीनदा तपासलेलं. फोटो तेवढा शेवटच्या संध्याकाळी ऑफिसातून परतताना काढला जातो. माझ्या मते या फाइलमधली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू हीच आहे, आणि ती बिघडते ती कुणाच्या निष्काळजीपणामुळे नाही. आपल्याकडे फोटो ‘चांगला यावा’ म्हणून जे जे केलं जातं, नेमकं ते ते या कार्डाला नको असतं.

मापापासूनच सुरुवात करू, कारण तिथे एक फसवी गोष्ट आहे. ५० बाय ७० हा आकार ३५ बाय ४५ पेक्षा बराच मोठा, त्यामुळे नेहमीचाच फोटो मोठा करून छापला की झालं, असं फोटोवाल्याला वाटतं. पण कॅनडा फ्रेमबरोबर चेहऱ्याचंही माप देतो. हनुवटीपासून माथ्यापर्यंतचं अंतर किमान ३१ आणि जास्तीत जास्त ३६ मिलिमीटर असलं पाहिजे. आता युरोपच्या शेंगेन व्हिसाचा फोटो पाहा. त्याची फ्रेम ३५ बाय ४५ ची आणि त्यात चेहरा ३२ ते ३६ मिलिमीटरचा. म्हणजे दोन्हीकडे चेहरा जवळजवळ तेवढाच, कॅनडाच्या फोटोत फक्त त्याच्याभोवतीची मोकळी जागा आणि खांदे जास्त. शेंगेनचा फोटो ७० मिलिमीटर उंचीपर्यंत ताणला तर चेहरा ५० मिलिमीटरच्या आसपास किंवा वर जातो, आणि मर्यादा ३६ ची आहे. असा फोटो दिसायला झकास असला तरी पट्टी लावताच बाद होतो.

म्हणून फोटोवाल्याला सांगायचं ते एवढंच, की कॅमेरा थोडा मागे घ्या, दोन्ही खांदे आणि डोक्यावरची मोकळी जागा फ्रेममध्ये येऊ द्या, कापायचं ते नंतर कॉम्प्युटरवर कापा. जवळून काढलेल्या फोटोला नंतर जागा जोडता येत नाही. जोडायला गेलं तर तो फोटोतला फेरफार ठरतो, आणि तो चालत नाही. चार बाय सहा इंचाच्या कागदावर असे चार फोटो बसतात: रुंदीत दोन मिळून १०० मिलिमीटर, उंचीत दोन मिळून १४०. नेहमीच्या आठ फोटोंची सवय असलेल्या स्टुडिओला हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर आठ बसवण्याच्या नादात माप लहान होतं.

माथा कुठला धरायचा, हाही प्रश्नच आहे. नियमात माथा म्हणजे डोक्याच्या कवटीचा वरचा भाग. केस उंच असतील किंवा डोकं झाकलेलं असेल, तर ते नसताना कवटी जिथे संपली असती तिथपर्यंत मोजायचं. छापलेला फोटो टेबलावर ठेवून, पट्टीचा शून्य हनुवटीच्या खालच्या कडेला लावून वाचून बघा. ज्याने केस वर उभे केलेत किंवा ज्या बाईंनी माथ्यावर उंच अंबाडा घातलाय, त्यांच्या बाबतीत केसांच्या टोकापर्यंत मोजलं तर ३८-३९ येतात आणि मंडळी घाबरतात. खरी कवटी चार-पाच मिलिमीटर खालीच असते. उलटही होतं. फोटोवाला केसांच्या टोकापर्यंत ३१ बसवतो आणि खरा चेहरा २७ चा होऊन बसतो. मोजायला एक मिनिट लागतं आणि ते मिनिट स्टुडिओतच खर्च करावं. घरी आल्यावर पट्टी लावून फारसा उपयोग नाही.

आता ‘चांगला यावा’ या प्रकरणाकडे येऊ. आपल्या स्टुडिओत फोटो काढून झाला की खरं काम सुरू होतं. मुलगा माउस हातात घेतो आणि न विचारता चेहरा उजळ करतो. डोळ्यांखालची वर्तुळं पुसतो, गालावरचा तीळ घालवतो, कपाळावरची एखादी खोक बुजवतो, पडदा सुरकुतला असेल तर माणूस कापून शुद्ध पांढऱ्यावर चिकटवतो. यात त्याचा वाईट हेतू नसतो. गिऱ्हाईक फोटो बघून नाराज होऊ नये, एवढीच त्याची काळजी. लग्नाच्या बायोडेटाला हे सगळं चालूनही जातं. कार्डाच्या फोटोत मात्र कुठलाही फेरबदल नको, आणि त्वचेचा रंग जसा आहे तसाच दिसायला हवा. कॅनडाच्या विमानतळावरचा अधिकारी, किंवा त्याच्या समोरचं यंत्र, तीळ पुसलेल्या माणसाला शोधत नसतं. तीळ असलेला माणूस समोर उभा असतो.

चेहरा उजळ करण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे, ते समजलं की भांडण न करता सांगता येतं. कॅमेरा आपणहून प्रकाश मोजतो तेव्हा समोरचं सगळं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. मागे मोठा पांढरा पडदा आला की त्याला वाटतं प्रकाश फार झाला, आणि तो फोटो गडद करतो. पडदा मळकट आणि सावळा चेहरा आणखी काळवंडलेला येतो. मग कॉम्प्युटरवर उजेड वाढवला जातो आणि तो वाढता वाढता मूळ रंगाच्या पलीकडे जातो. उपाय कॅमेऱ्यात आहे. चेहऱ्यावर मोजून प्रकाश वाढवायचा, आणि पडद्यावर वेगळा लाइट टाकायचा. माणसाला पडद्यापासून तीन-चार फूट पुढे बसवलं की मागची सावलीही पडत नाही. पार्श्वभूमी साधी पांढरी किंवा फिकट रंगाची हवी, आणि चेहरा तिच्यापासून स्पष्ट वेगळा दिसायला हवा. त्यामुळे अंगात पांढरा शर्ट किंवा क्रीम रंगाचा कुर्ता नको. गडद निळा, मरून, बाटली हिरवा, यातलं काहीही चालेल.

फेरफाराबद्दल एवढी कडक भूमिका का, याचं उत्तर सौंदर्याशी संबंधित नाही. २०१४ साली इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दोन माणसांचे चेहरे कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळून तिसरा चेहरा तयार केला, तर ओळख पटवणारं यंत्र त्या एकाच फोटोला दोघांशीही जुळलेलं मानू शकतं. म्हणजे एका पासपोर्टवर दोघं प्रवास करू शकतात. हे प्रयोगशाळेपुरतं राहिलं नाही. २०१८ मध्ये जर्मनीतल्या एका कार्यकर्त्यांच्या गटाने आपल्यातल्या एकीच्या फोटोत फेदेरिका मोगेरिनी यांचा चेहरा मिसळला आणि त्या फोटोवर जर्मन पासपोर्ट चक्क मिळवून दाखवला. मोगेरिनी तेव्हा युरोपियन युनियनच्या परराष्ट्र धोरणाच्या प्रमुख होत्या. जर्मनीने पुढे कागदी फोटो घेणंच बंद केलं. मे २०२५ पासून तिथे फोटो सरकारी कार्यालयात तरी काढायचा, नाहीतर मान्यताप्राप्त फोटोग्राफरने सुरक्षित मार्गाने थेट पाठवायचा. या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर कॅनडा कागदी फोटोच्या मागे स्टुडिओचं नाव आणि पत्ता का मागतो, ते कळतं. फोटो कुणी काढला, कुठे काढला, कधी काढला, याचा माग राहावा. घरच्या भिंतीसमोर मोबाइलवर काढलेला फोटो म्हणूनच कागदी अर्जात बसत नाही. तो व्यावसायिक फोटोग्राफरनेच काढलेला हवा.

मोबाइलबद्दल आणखी एक. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. दोष लेन्सचा नसून अंतराचा आहे. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं असं धरू. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ वर, म्हणजे नाक कानांच्या मानाने सव्वापटीहून मोठं येतं. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला तर हा फरक शेकडा आठवर येतो. यंत्र दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाची ठेवण, जबड्याची रेषा यांची तुलना करतं. त्याला जवळून वाकवलेला चेहरा दिला तर ते बिचारं काय करणार?

हसायचं नाही, हा नियम आपल्या मंडळींना सगळ्यात जाचक वाटतो. चेहरा निर्विकार, तोंड मिटलेलं, डोळे उघडे आणि कॅमेऱ्याकडे. हसताना गाल वर जातात, डोळे बारीक होतात, ओठांची कड सरकते, आणि यंत्र ज्या खुणांवर अवलंबून असतं त्या जागेवरून हलतात. हे फक्त कॅनडाचं खूळ नाही. पासपोर्टवरच्या फोटोचे जागतिक निकष आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरवते, आणि तिचं मुख्यालय कॅनडातच, मॉन्ट्रियलला आहे. मात्र निर्विकार म्हणजे रागावलेला नव्हे. स्टुडिओत ‘हसू नका’ म्हटलं की लोक भुवया आवळतात आणि श्वास रोखून बसतात. फोटोवाल्याने ‘तीन’ म्हणायच्या आत एकदा श्वास सोडायचा, चेहरा आपोआप सैल पडतो.

चष्म्याबद्दल घरोघरी गोंधळ आहे, कारण अमेरिकेचे आणि कॅनडाचे नियम एकमेकांत मिसळले जातात. अमेरिकेने नोव्हेंबर २०१६ पासून पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोत चष्मा बंद केला. कॅनडाच्या पीआर फोटोत नंबरचा चष्मा चालतो. काच रंगीत नको, काचेवर लाइटची चमक नको आणि फ्रेमने डोळ्यांचा कुठलाही भाग झाकायला नको. उन्हात गडद होणाऱ्या काचा असतील तर स्टुडिओच्या लाइटखालीही त्यांना थोडा रंग चढू शकतो. माझा सल्ला सरळ आहे: चष्मा काढून फोटो काढा. चालतो म्हणून घालायचा आणि मग चमकेशी झगडत बसायचं, यात काही हशील नाही.

डोकं झाकायचं ते धर्माच्या कारणासाठी असेल तर चालतं, अट एवढीच की पूर्ण चेहरा दिसावा आणि पगडीची किंवा ओढणीची सावली त्यावर पडू नये. रोज टोपी घालणाऱ्या आजोबांनी मात्र ती फोटोपुरती काढून ठेवावी. टिकली, नथ, कानातलं यांच्या बाबतीत पाहायचं ते हेच, की चेहऱ्याची ठेवण झाकली जात नाही ना आणि चकाकी येत नाही ना. रोजची कापडी टिकली आणि सणाची खड्यांची टिकली यांत इथे फरक पडतो: खडा लाइट परत फेकतो आणि कपाळावर पांढरा ठिपका उमटतो. मोत्याची मोठी नथ ओठांवर येते, ती घरीच राहू द्या. रोजच्या वापरात जसे दिसता तसेच या.

कुटुंबातल्या प्रत्येकाचं कार्ड वेगळं, त्यामुळे तीन महिन्यांच्या बाळालाही ५० बाय ७० चा फोटो लागतो. बाळाच्या बाबतीत चेहऱ्यावरच्या भावाची थोडी सूट मिळते, मापाची मिळत नाही. आईचा हात, खांदा, उशीची नक्षी, दुधाची बाटली यातलं काहीही फ्रेममध्ये यायला नको. अनुभवी फोटोवाले जमिनीवर साधी पांढरी चादर अंथरून बाळाला उताणं निजवतात आणि वरून फोटो काढतात. चादर ताणलेली हवी, नाहीतर डोक्याखाली सुरकुत्यांच्या सावल्या पडतात. कारच्या खुर्चीवर चादर टाकून बाळाला तिच्यात बसवणं हा दुसरा उपाय, मान धरू लागलेल्या बाळांसाठी. बाळ झोपलेलं असताना काढलेला फोटो कितीही गोड असला तरी डोळे मिटलेले असल्यामुळे फुकट जातो. दूध पाजून झाल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत काम उरकावं.

कागदी फोटो दोन लागतात, दोन्ही एकाच वेळचे, हुबेहूब सारखे, साध्या फोटो पेपरवर छापलेले आणि गेल्या सहा महिन्यांत काढलेले. त्यातल्या एकाच्या मागे अर्जदाराचं नाव, जन्मतारीख, स्टुडिओचं नाव व पूर्ण पत्ता आणि फोटो काढल्याची तारीख लिहायची. हे लिहिणं दिसतं तितकं सोपं नाही. हल्लीच्या फोटो पेपरच्या मागच्या बाजूलाही प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. साध्या बॉलपेनची शाई त्यावर बसत नाही आणि स्टुडिओच्या रबरी शिक्क्याची शाई बराच वेळ ओली राहते. शिक्का मारल्या मारल्या दुसरा फोटो त्यावर ठेवला की शिक्क्याचा उलटा ठसा त्या दुसऱ्या फोटोतल्या माणसाच्या गालावर उमटतो. चार जणांच्या कुटुंबाचे फोटो एकाच पाकिटात कोंबले की हमखास हे होतं. सीडीवर लिहायचं बारीक पर्मनंट मार्कर घ्यायचं, हलक्या हाताने लिहायचं, कारण जोर दिला तर अक्षरं समोरून उठून दिसतात, आणि पूर्ण वाळेपर्यंत फोटो वेगवेगळे ठेवायचे. मग प्रत्येकाचं छोटं पाकीट वेगळं, त्यावर नाव. स्टेपलर मारायचा नाही. क्लिप लावायची तीही पाकिटाला, फोटोला नव्हे.

हे कागदी फोटो कधी मागतात? भारतातून अर्ज केलेल्या अनेकांना, अर्ज मंजुरीच्या टप्प्यावर आला की पासपोर्ट मागवणारं पत्र येतं आणि त्यात पासपोर्टबरोबर हे फोटोही मागितलेले असतात. मुंबई-पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्रातून ते पुढे जातात. त्याच केंद्रात बोटांच्या ठशांबरोबर आपला एक फोटो आधीच काढला गेलेला असतो, म्हणून काही जण म्हणतात, आता परत कशाला? तो फोटो बायोमेट्रिकसाठी, हा कार्डासाठी. दोन्ही वेगळे. पत्र आल्यावर शेजारच्याच्या किंवा भावाच्या वेळच्या सूचनांवर विसंबू नये, आपल्या पत्रात जे लिहिलंय ते शेवटचं.

अर्ज ऑनलाइन भरताना डिजिटल फोटो लागतो आणि तिथे आपल्याकडची आणखी एक सवय आडवी येते. पीआरच्या फोटोची फाइल जेपीईजी असावी, किमान ७१५ बाय १००० आणि कमाल २००० बाय २८०० पिक्सेल, वजन किमान २४० केबी आणि कमाल ४ एमबी. किमान २४० केबी हा आकडा नीट वाचा. आपल्या नेट कॅफेतल्या आणि ई-सेवा केंद्रातल्या मुलांची अर्धी हयात फोटो लहान करण्यात गेलेली असते, कारण बँकेच्या आणि सरकारी भरतीच्या फॉर्मला फोटो वीस ते पन्नास केबीत बसवावा लागतो. फाइल हातात पडली की त्यांची बोटं ती आपोआप बारीक करतात. कॅनडाला मोठी फाइल हवी असते हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. त्यात स्टुडिओवाला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करतं, बारीक तपशील आणि वजन दोन्ही जातं. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा पेनड्राइव्हवर घ्या. एकदा लहान झालेली फाइल कॉम्प्युटरवर फुगवून २४० केबी करता येते, पण गेलेला तपशील परत येत नाही, आणि अशा फोटोत गालाच्या कडेला चौकटी चौकटी दिसतात. चेहऱ्याचं प्रमाण इथेही तेच: १००० पिक्सेल उंचीच्या फोटोत हनुवटी ते माथा अंदाजे ४४५ ते ५१० पिक्सेल. म्हणजे चेहरा फोटोच्या उंचीच्या निम्म्याच्या आसपास.

एवढा जाच असलेलं हे कार्ड तसं अलीकडचं आहे. २००२ पर्यंत कॅनडात कायमचा राहायला आलेल्या माणसाला एक कागद मिळायचा, त्याच्यावर त्याचा फोटोसुद्धा नसायचा. घडी घालून पासपोर्टात ठेवलेला तो कागद वर्षानुवर्षं वापरला जाई आणि त्याची नक्कल करणं अवघड नव्हतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तो बदलण्याची घाई झाली. २८ जून २००२ ला नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला, त्याच दिवसापासून नव्या रहिवाशांना फोटोचं प्लॅस्टिक कार्ड मिळू लागलं आणि २००३ च्या अखेरीपासून विमानाने परतणाऱ्या रहिवाशांना ते दाखवणं बंधनकारक झालं. पण कॅनडाने स्थलांतरितांचे फोटो पहिल्यांदा तेव्हा मागितले, असं मात्र नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत चिनी माणसांना कॅनडात शिरण्यासाठी डोईपट्टी भरावी लागे. १८८५ मध्ये ५० डॉलरपासून सुरू झालेली ती पट्टी १९०३ मध्ये ५०० डॉलरवर गेली. ती भरल्याच्या दाखल्यावर फोटो असे, तात्पुरतं मायदेशी जायचं तर त्या परवान्यावरही फोटो. अमेरिकेत तर १८९३ च्या कायद्याने चिनी मजुरांच्या रहिवासी दाखल्यावर फोटो सक्तीचा केला होता. ज्यांच्यावर संशय, त्यांचा फोटो आधी. आज सगळ्यांचाच लागतो, ही समता म्हणायची की सगळ्यांवरच संशय, हे ज्याने त्याने ठरवावं.

कार्डाच्या बाबतीत पुढची अडचण पत्त्याची, आणि ती फोटोशी बांधलेली आहे. टोरांटो किंवा व्हँकुव्हरच्या विमानतळावर अधिकारी कागद तपासतो, पत्ता विचारतो, आणि माणूस पर्मनंट रेसिडेंट होतो. कार्ड पुढे टपालाने येतं, फक्त कॅनडातल्या पत्त्यावर. परदेशी पत्त्यावर ते पाठवत नाहीत. पत्ता देण्यासाठी, आणि अधिकाऱ्याने मागितला तर फोटोही देण्यासाठी, आल्यापासून १८० दिवसांची मुदत असते. ती उलटली तर पहिलं कार्ड फुकट मिळण्याचा हक्क जातो आणि ५० डॉलर भरून नव्याने अर्ज करावा लागतो. रहिवासाचा हक्क त्यामुळे जात नाही, कार्ड तेवढं लांबतं.

आपले बरेच लोक ‘सॉफ्ट लँडिंग’ करतात. व्हिसाची मुदत मेडिकलच्या मुदतीशी जोडलेली असल्यामुळे ती संपण्याआधी आठवडाभर जाऊन यायचं, मिसिसॉगाच्या किंवा ब्रॅम्प्टनच्या मित्राचा पत्ता द्यायचा, आणि इकडची नोकरी, मुलांची शाळा, घराचं भाडं आवरायला परत यायचं. सगळं सुरळीत झालं तर कार्ड मित्राच्या टपालपेटीत पडतं आणि कुणीतरी येता-जाता घेऊन येतं. फोटो नापास झाला तर मात्र नवा फोटो मागणारं पत्र येतं, आणि ते येतं तेव्हा आपण परत पुण्यात असतो. आधीचा सहा महिन्यांचा कालावधीही तोवर उलटलेला असतो, म्हणजे घरात उरलेले दोन फोटो उपयोगाचे नाहीत. नवा फोटो, नवा शिक्का, नवी तारीख. मित्राला आधीच बजावून ठेवावं, की सरकारी खात्याचं कुठलंही पाकीट आलं की त्याच दिवशी उघडून फोटो काढून पाठव. आणि आपणही ई-मेल रोज बघावी, स्पॅमसकट.

जे विद्यार्थी म्हणून किंवा वर्क परमिटवर आधीच कॅनडात असतात, त्यांची पीआरची शेवटची पायरी हल्ली ऑनलाइन पोर्टलवर होते: आपण कॅनडात आहोत हे जाहीर करायचं, पत्ता द्यायचा, फोटो चढवायचा. ती सोय कॅनडात हजर असलेल्यांसाठीच आहे. काही जण त्या काळात सुट्टीवर घरी आलेले असतात आणि पुण्यात बसून ‘हो, मी कॅनडात आहे’ असं लिहायचा मोह त्यांना होतो. ते खोटं विधान ठरतं आणि त्याची किंमत चुकीच्या फोटोपेक्षा फार मोठी. परत जाऊन लिहावं, किंवा आपण बाहेर आहोत हे खात्याला कळवावं.

कार्डाशिवाय बाहेर अडकलेल्याला विमानात बसता येत नाही. त्यासाठी पर्मनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट नावाचा वेगळा कागद काढावा लागतो. त्याची फी ५० डॉलर, आणि त्यालाही फोटो लागतातच. त्या फोटोंची मापं त्याच्या सूचनापत्रात स्वतंत्र दिलेली असतात. ती छापून स्टुडिओत न्यावीत आणि फोटोवाल्याच्या टेबलावर, त्याच्या माउसशेजारी ठेवावीत.